पाऊणकीचे खांब

३ जून

आत्या,

नमस्कार लिहिते आहे, पण तो रागाने लिहिला आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना तुझी फसगत व्हायला नको.

आज ऑफिसात मोठ्या बाईंनी माझं चित्र सगळ्यांसमोर टेबलावर उलगडलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या. इमारत बांधायच्या आधी ती कशी दिसेल ते हाताने काढून दाखवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. साहेबसुद्धा त्यांच्याशी बोलताना खुर्चीत सरळ बसतात. चित्र एका शाळेच्या व्हरांड्याचं होतं. एका टोकाला उभं राहिलं की दिसते तशी खांबांची लांब रांग. मी ती तू शिकवलीस तशीच काढली होती. पहिल्या दोन खांबांत घेतलं ते अंतर, पुढचं त्याच्या पाऊण, त्याच्या पुढचं त्याच्याही पाऊण, असं थेट लांबच्या ठिपक्यापर्यंत.

बाईंनी पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "हे खांब एकमेकांवर रुसलेत का गं? पुढे पुढे जातात तसे लांब लांब उभे राहतायत." सगळे हसले. मग त्यांनी विचारलं, "हा नियम कुठून आणलास?" मी म्हटलं, "घरून." तेव्हा जास्तच हसले.

पाऊणने अंतर कमी होतं, पण डोळ्याला दिसतं तेवढं कमी होत नाही, म्हणून लांबचे खांब फाकत जातात. बरोबर रीत अशी आहे. दुसऱ्या खांबाच्या बरोबर मध्यावर खूण करायची. पहिल्या खांबाच्या डोक्यावरून त्या खुणेतून सरळ रेघ खाली न्यायची. ती जमिनीच्या रेघेला जिथे टेकते तिथे तिसरा खांब. मग दुसऱ्याच्या डोक्यावरून तिसऱ्याच्या मध्यातून, तिथे चौथा. पाऊण नाही, पाव नाही, कसला हिशोबच नाही. एक पट्टी आणि खांबाचा अर्धा. एवढी सोपी गोष्ट मला वयाच्या चोविसाव्या वर्षी परक्या बाईकडून हशा ऐकत शिकावी लागली.

शाळेत घालायच्या आधी तू मला नाटकाचे पडदे रंगवायच्या शेडमध्ये रंगाच्या डब्यावर बसवायचीस. बाकीची मुलं बे एके बे म्हणत होती तेव्हा मी पाऊणकी म्हणत होते. दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन. चुकलं की ब्रशचा दांडा बोटांवर. त्या दांड्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यासाठी मारलंस ते खरं आहे का, हे एकदाही तपासावंसं तुला वाटलं नाही?

आणि व्हरांड्याचं एक वेळ सोड, तो मी परत काढला. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी तुझ्याच गावातल्या, पुलापलीकडच्या नव्या गाळ्यांचं चित्र काढलंय. समोरासमोर पाच-पाच दुकानं, मध्ये रस्ता, प्रत्येक गाळ्याच्या दोन्ही बाजूंना खांब. सगळे गाळे एकाच मापाचे. माझ्या चित्रात मात्र शेवटचा गाळा पहिल्याच्या तिप्पट रुंद आहे. आज मी बाईंच्या रीतीने मोजून बघितलं. ते चित्र छापून झालंय आणि तुमच्या गावात घरोघर वाटलं गेलंय. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "छान दिसतंय, राहू दे."

मला जेवण गेलं नाही. हे मी तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. थोडं त्यासाठीही लिहिते आहे.

तुझी भाची


९ जून

पट्टीस,

आशीर्वाद. नको असले तर परत पाठव, इथे घेणारे आहेत.

तुझ्या आजोबांनी पाऊणकीने राजवाडे काढले. मी तुरुंग काढले, बागा काढल्या, एका नाटकासाठी रेल्वेचा फलाट काढला. पडदा उलगडला की पुढच्या रांगेतली माणसं मान पुढे काढून शेवटच्या खांबापलीकडे कोण आहे ते बघायची. आजवर एकाही माणसाने उठून सांगितलं नाही की बाई, तुमचे खांब रुसलेत, तिकिटाचे पैसे परत द्या. प्रेक्षक नाटकाला पट्टी घेऊन येत नाही. ती सवय आमच्या घरात फक्त तुला.

चार लोक हसले म्हणून तू माझ्यावर कागद काळा केलास. हसणाऱ्याचे दात दिसतात, अक्कल दिसत नाही. त्या मोठ्या बाईंना म्हणावं, वीस हात रुंदीच्या कापडावर उभं राहून, पायाखालचा रंग ओला असताना, खराट्याएवढ्या ब्रशने एक खांब काढून दाखवा. मग पट्टी लावा.

आणि "घरून" म्हणजे काय? घराला काय हात असतात? माझं नाव घ्यायला तुझ्या जिभेला काटा लागला होता? चांगलं जमलं की माझा हात, बिघडलं की घर. वा.

गाळ्यांचं म्हणशील तर शेवटचा गाळा मोठाच असतो. कोपऱ्याचा असतो तो. साहेब राहू दे म्हणाले ना, मग राहू दे. ज्याला घ्यायचाय तो डोळे उघडे ठेवून घेईल. उगाच दुसऱ्यांच्या दारांवर थापा मारत फिरू नकोस, लहानपणापासून तुला ती खोड आहे. पाहुणीच्या पदरावरचा डाग तिला सांगितल्याशिवाय तुला घास उतरायचा नाही.

शेड आवरायचं काम निघालंय. म्हणून एवढ्यावर थांबते, नाहीतर अजून पुष्कळ होतं.

आत्या


१७ जून

आत्या,

शेड कसली आवरतेस? तू ती माझ्या जन्मापासून आवरली नाहीस. एकदा आजोबांची चप्पल तिथे सापडली तर तू मलाच ओरडलीस, जागची का हलवली म्हणून. आणि कोपऱ्याचा गाळा मोठा असतो हे कुणी सांगितलं तुला? मी पत्रात कोपरा हा शब्दच लिहिला नव्हता. पत्र पाठवताना मी दोनदा वाचते, त्यामुळे मला माहीत आहे.

मी त्या गाळ्यांचं चित्र नव्याने काढलं. बाईंच्या रीतीने, खांबाच्या अर्ध्यातून. शेवटचे दोन गाळे नुसत्या फटी दिसतात. खरं तेच आहे. त्या टोकाहून बघितलं तर तेवढेच दिसणार. ते घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून शांतपणे बघितली. म्हणाले, "आतल्या टोकाचे गाळे कधी लवकर जात नाहीत. आपले सगळ्यात आधी गेले. तुझ्या हाताला यश आहे." आत्या, हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. लगेच स्वतःचीच किळस आली, पण आधी बरं वाटलं, ते लपवत नाही. मी म्हटलं, "पण हे खोटं आहे." ते म्हणाले, "मापं नकाशात आहेत. नकाशा खरा आहे. चित्र हे चित्र असतं." आणि नवीन चित्र माझ्यासमोर कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली.

तेवढ्यात गाळे विकणारा दलाल आला. मला चहा पाजायला निघाला, इतका खूश. सांगत होता, लोक विचारतात शेवटचा मोठा आहे ना, मी म्हणतो, तुम्हाला काय दिसतंय? बस, एवढंच बोलायचं. मग हसत हसत म्हणाला, "एक पडदेवाली म्हातारी आली होती. बाकीचे नकाशा मागतात, हिने नकाशा बाजूला सारला आणि चित्रावर बोट ठेवलं. म्हणाली, हा शेवटचा. मी म्हटलं, आजी, नीट बघा तरी. तर म्हणते, मला डोळे आहेत, तुझ्यासारखी नुसती बुबुळं नाहीत."

इतकं वाकडं बोलणारी पडदेवाली जगात एकच आहे.

आत्या, ती तू आहेस का? त्या गाळ्यात तुझा पडदा पसरणार नाही. अर्धासुद्धा पसरणार नाही. तुला एका वेळी अख्खं कापड जमिनीवर लागतं आणि तिथे तू दुसरी रांगोळी काढताना पहिलीवर पाय देशील एवढी जागा आहे. लगेच लिही की ती तू नाहीस. आणि असशील तर निदान शेड सोडलेली नाहीस असं लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल, पण आधी ते लिही.

तुझी भाची


२२ जून

पट्टीस,

ती मीच. आणि शेड सोडली आहे. मालकाने ती ट्रक दुरुस्त करणाऱ्याला दिली, तो अंगणात टायर आणून ठेवायलाही लागला. महिनाअखेर मला निघायचं आहे. तुला सांगितलं नव्हतं, कारण गाळा ताब्यात आला की तुला बोलावून दाखवायचा होता. तुझ्याच चित्रातला गाळा तुलाच दाखवायचा, असा माझा बेत. थोर बेत.

तुझं पत्र आलं तेव्हा मला तुझा इतका राग आला की मी तुला खोटं पाडायचं ठरवलं. शेडच्या खिडकीतून रस्त्यावरचे दिव्यांचे खांब दिसतात ना, ते. आधी बाहेर जाऊन दोरी लावून बघितलं. सारख्याच अंतरावर आहेत, अगदी सख्ख्या भावंडांसारखे. मग खिडकीपाशी डब्यावर डबे रचले, वरच्या डब्यावर हनुवटी टेकवली, म्हणजे डोकं हलायला नको. एक डोळा मिटला आणि काचेवर प्रत्येक खांबाच्या बुडाला आणि डोक्याला पांढऱ्या रंगाची खूण केली. रंगवणाऱ्या बायकांना वाटलं, मालकिणीला वेड लागलं. एक तर पाणी घेऊन आली.

पाऊणकी लावली. पहिल्या अंतराला जेमतेम लागली, नंतर साफ कोसळली. लांबचे खांब एकमेकांना खेटून उभे होते, माझ्या खुणा भलतीकडे. मग तुझ्या त्या बाईंची रीत लावली. दोरा धरला, पहिल्याच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या मध्यातून. तिसऱ्याच्या बुडाला लागला. पुढच्याला लागला. त्याच्या पुढच्यालाही लागला. रस्त्यावरचे खांब माझ्या ओळखीचे, इतकी वर्षं समोर उभे, आणि सगळ्यांनी तुझी बाजू घेतली. मी ती काच ओल्या फडक्याने पुसून टाकली.

आता हे ऐक, कारण हे मी एकदाच लिहिणार. नकाशा माझ्यासमोर होता. मी तो वाचला नाही. वाचता येत नाही असं नाही. त्या दलालाच्या शब्दावर मी शेंगदाणेसुद्धा घेणार नाही. पण चित्र बघताक्षणी मला कळलं की हे तू काढलंयस. खांबांची ती चाल आमच्या घराबाहेर कुणाची नाही. दुसऱ्या कुणाचं चित्र असतं तर मी टेप घेऊन जागेवर गेले असते. तुझं होतं म्हणून गेले नाही. लहानपणी ताटातल्या फोडी मोजणारी पोर, ती चुकीचं कशाला काढेल, असं मी म्हटलं.

ती चुकली, कारण मी शिकवलं. मी चुकले, कारण माझ्या बापाने शिकवलं. आता राग काढायचा तर कुणावर? बाप सुटला. त्याला कुणी विचारायला जात नाही.

पाच जुलैला पुलाजवळच्या सभागृहात सगळ्या गाळेवाल्यांच्या करारावर सह्या आहेत. एकदा सही झाली की तो गाळा गळ्यात. मी उठून बोलले तर म्हणतील म्हातारीला नीट दिसत नाही, आणि दलाल माझ्यावर आधीच खार खाऊन आहे. शिवाय त्या दिवशी मी बाहेरगावी पडदा टांगते आहे. हातात तेवढं एकच काम उरलंय, ते मी सोडणार नाही. बोलायचं तर ज्या हाताने काढलं त्या हाताने बोललं पाहिजे. तुझी नोकरी जाईल, हे मला कळतं. जा किंवा जाऊ नकोस. तुझ्या नोकरीवर मी बोट ठेवणार नाही. चित्रावर ठेवलं तेवढं पुरे झालं.

आत्या


६ जुलै

आत्या,

गेले होते.

आदल्या दिवसापर्यंत मी ठरवत होते की साहेबांना आधी सांगून जावं. न सांगता जाणं मला चोरीसारखं वाटत होतं. शेवटी सकाळी सांगितलं. ते म्हणाले, "जा, पण परत येऊ नकोस." आवाजही चढवला नाही. मोठ्या बाई त्यांच्या टेबलाशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी निघाले तेव्हा मागून येऊन स्वतःची पट्टी माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "हिची कड सरळ आहे. तुझ्या पट्टीची नाही." मला त्यांचाही राग आला. त्या बोलल्या असत्या तर साहेबांनी ऐकलं असतं.

सभागृहात मी तडक पुढे गेले. नवीन चित्र मी घरी बसून पुन्हा काढलं होतं. दोन्ही चित्रं भिंतीला लावली आणि म्हटलं, छापलेलं चित्र मी काढलं आहे आणि ते चूक आहे. शेवटचे गाळे पहिल्याएवढेच आहेत. दलाल उठला. "बाई नवीन आहेत. कलाकाराची नजर असते, आपल्याला काय कळणार." मी म्हटलं, नजर नाही, चूक आहे. तर त्याने विचारलं, "मग ही चूक शिकवली कुणी तुम्हाला? ऑफिसने?"

मला कळलं तो काय करतोय. ऑफिसने म्हटलं तर खोटं. घरून म्हटलं तर तू मागेच विचारलं आहेस, घराला हात असतात का. मी तुझं नाव घेतलं, आत्या. पूर्ण नाव, आणि पडदे रंगवते हेही. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, ती तर शेवटचा गाळा घेणारी." आणि हशा झाला. आज मला त्या हशाची लाज वाटली नाही, इतका संताप होता. मी म्हटलं, "हो, तीच. तिने माझ्या चित्रावर विश्वास ठेवला. तुम्ही कुणाच्या चित्रावर ठेवलात?" हे मी आधी ठरवून बोलले नाही. माझ्या तोंडून तुझा आवाज निघाला.

मग चौथ्या गाळ्याचा गादीवाला उठला. धिप्पाड माणूस, मिशीला कापूस चिकटलेला. म्हणाला, "बोलणं कशाला, पाया खणलाय ना? चला." सगळे पुलापलीकडे गेलो. त्याने पहिल्या दोन खांबांच्या खड्ड्यांवर टेप धरला, मग शेवटच्या दोन. एकच माप. त्याने टेप परत एकदा लावला, मग दलालाकडे बघितलं, आणि टेप इतक्या सावकाश गुंडाळला की दलाल मागे सरकला.

कुणीही सही केली नाही. ज्यांना सोडायचाय त्यांना सोडू देणार असं दलालाला सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं. तुझा गाळा ठेवायचा की सोडायचा हे मी ठरवलं नाही. सही तुझी, निर्णय तुझा. पण शेड गेली, आणि तुला पडदा पसरायला जागा नाही, हे माझ्याच्याने सुटलेलं नाही. ते आहे तिथेच आहे. आणि अजूनही तुझ्यावरचा राग गेलेला नाही, हेही लिहिते. गेल्यासारखं दाखवणं मला जमणार नाही.

तुझी भाची


१२ जुलै

पट्टीस,

नाव घेतलंस ते बरं केलंस. दुसऱ्या कुणाचं घेतलं असतंस तर तंगडी मोडून हातात दिली असती.

राग ठेव. माझाही आहे. दोघींचा मिळून शेड पेटवायला पुरेल, पण ती आता ट्रकवाल्याची आहे.

मी गाळा सोडला नाही. त्या गादीवाल्याला जाऊन भेटले. त्यालाही गाद्या पसरायला जमीन लागते, त्यानेही चित्र बघूनच घेतला होता. मी म्हटलं, तुझ्या आणि माझ्या गाळ्यामधली भिंत घालायचीच नाही. तो म्हणाला, आजी, तुमच्या रंगाला वास येतो. मी म्हटलं, तुझ्या कापसाने मला शिंका येतात, त्या मी कुणाला सांगू? अर्धा दिवस भांडलो. त्याच्या बायकोने शेवटी दोघांना गप्प केलं. सकाळी त्याचा कापूस, दुपारनंतर माझं कापड, आणि मधली भिंत नको असं दोघांनी सही करून दिलं. दलालाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. पूर्ण पडदा तरीही मावत नाही. एक टोक गुंडाळून ठेवायचं, दुसरं रंगवायचं, मग उलट. अशाने पूर्ण रांग एकदम नजरेसमोर राहत नाही. नजरेने काढणाऱ्याला ते जमणार नाही. मला जमत नाही. काल एका जुन्या कापडावर करून बघितलं. दोन्ही टोकांचे खांब भेटले नाहीत.

गाळा बांधून होईपर्यंत गादीवाल्याच्या आत्ताच्या दुकानामागच्या पडवीत बस्तान आहे. तुला नोकरी नाही, मला खांब जुळवणारं कुणी नाही. यात उपकार कुणाचे कुणावर नाहीत, तेव्हा रडतखडत येऊ नकोस. पगार मिळेल, ऑफिसात होता त्याहून कमी. ओरडा फुकट.

रंगवणाऱ्या बायकांना ती अर्ध्याची रीत तू शिकवायची. मी सांगितलंय त्यांना, पट्टी येईल आणि शिकवेल. मी त्यांच्यात शिकायला बसणार नाही. या वयात मी डब्यावर बसून धडे घेणार नाही. मी पलीकडे रंग कालवत असेन, आणि माझ्याकडे बघून विचारायचं नाही, की आत्या, कळलं का.

पण शिकवताना मोठ्याने बोल.

आत्या